समईचं तेल आणि सायकलचं कुलूप

मागच्या महिन्यात आमच्या नांदेडच्या अपार्टमेंटखाली एक तमाशा झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या सायकलचं कुलूप अडकलं होतं. आजकाल असतं तसलं, प्लास्टिकच्या नळीत तार घातलेलं. किल्ली आत जात होती, पण फिरत नव्हती. चार शहाणे जमले. एकानं हिसडे दिले, दुसऱ्यानं विटेच्या तुकड्यानं हळूच ठोकून पाहिलं आणि तळमजल्यावरची बाई घरातून खायच्या तेलाची वाटी घेऊन आली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वरूनच ओरडले, तेल घालू नका म्हणून. मग हातातला टॉवेल तसाच टाकून खाली गेले आणि त्या बाईच्या हातातून वाटी काढून घेतली. ती बिचारी घाबरली. म्हातारीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार.

फिरलंच आहे, आणि आजचं नाही, चाळीस वर्षांपूर्वीचं फिरलेलं आहे. मला कुलपांचा राग येतो. त्यातल्या त्यात सायकलच्या कुलपाचा. आणि कुलपात खायचं तेल घालणाऱ्या माणसाचा तर इतका, की तो माणूस माझा बाप होता हे सांगतानाही आवाज चढतो.

आमचं घर उदगीरचं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. अप्पांचं मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजारालगत, सुतळी-बारदानाचं छोटं दुकान होतं. शिवभक्त माणूस. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात चहा नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाला शिवी नाही. वाईट म्हणावं असं काहीच नव्हतं त्यांच्यात आणि हीच तर पंचाईत होती. वाईट माणसावर मनसोक्त चिडता तरी येतं. त्यांना एकच वेड, कुलपांचं. दुकानाला दोन कुलपं, घराला एक, कपाटाला एक, ज्वारीच्या कोठीला एक. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. चार पावलं गेल्यावर मागं फिरून पुन्हा एकदा ओढायचं. आम्हालाही तीच शिस्त. वस्तू उघड्यावर टाकली की ती आपली राहत नाही, असं ते लहानपणापासून आमच्या डोक्यात भरवत आले.

खंडेनवमीला सगळीकडे हत्यारं-अवजारं पुजतात. आमच्याकडे तराजू, दाभण, कात्री यांच्याबरोबर कुलपंही पाटावर बसायची. धुऊन पुसून ओळीनं मांडलेली. प्रत्येक कुलपाला हळदीकुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. बोट नेमकं किल्लीच्या भोकावर टेकायचं, म्हणजे निम्मी हळद आत. आणि पूजा झाली की समईत उरलेलं तेल चमच्यानं प्रत्येक कुलपाच्या तोंडात. देवापुढं जळलेलं तेल, वाया कसं घालवायचं? आमच्या भागात तेल म्हणजे करडईचं, घाण्यावरून आणलेलं. खायला फार चांगलं. पण करडईचं तेल फळीवर सांडून पंधरा दिवस राहू द्या आणि मग नखानं खरवडून बघा. डिंक होतो त्याचा. निघता निघत नाही. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. अव्वालाही ठाऊक होतं. पण कुलपाबद्दल अव्वाला विचारतो कोण?

त्या पाटावर माझी सायकलही असायची. म्हणजे पाटाशेजारी उभी. सायकल लेडीज होती, जुनी पण दणकट. मी नांदेडला कॉलेजात असताना मामांनी घेऊन दिलेली. मागच्या चाकाला कड्यासारखं कुलूप होतं. दांडी खाली ओढली की ती आऱ्यांमधून आरपार जायची आणि किल्ली हातात यायची. उघडताना किल्ली फिरवली की खटकन आवाज होऊन दांडी मागं जायची. त्या कुलपाची लायकी मला नांदेडलाच कळली होती. आमच्या होस्टेलवर एक मुलगी माझी सायकल घेऊन दिवसभर बाजारात फिरून आली. तिला वाटलं तिचीच आहे. रंग तोच, आणि तिची किल्ली माझ्या कुलपाला बिनबोभाट लागली. मग आम्ही गंमत म्हणून बाकीच्या मुलींच्या किल्ल्या लावून बघितल्या. नऊ सायकली होत्या, माझ्या किल्लीनं चार उघडल्या. आम्ही पोट धरधरून हसलो. अक्कल असती तर त्याच दिवशी ते कुलूप काढून उकिरड्यावर फेकलं असतं. पण मी अप्पांची लेक. त्या दिवसापासून मी कुलूप लावून तीनदा ओढायच्या ऐवजी चारदा ओढायला लागले.

शिकून, टायपिंगची परीक्षा देऊन मी उदगीरला परत आले ते दुष्काळातच. सलग दोन वर्षं पाऊस असा झालाच नाही. आमच्या गल्लीतला आड मार्गशीर्षातच खरवडायला लागला. मग पाणी आणायचं कुठून, तर रेल्वे स्टेशनच्या नळावरून. आणायचं कुणी, तर सायकल येते तिनं. एरवी मुलीच्या जातीनं सायकलवर हिंडू नये म्हणून कुरकुरणारे अप्पा त्या वर्षी एक अक्षर बोलले नाहीत. मागं कॅरिअरला दोन डबे बांधायचे, पुढं हँडलला एक, आणि रोज तीन खेपा. हातांना घट्टे पडले. परकरात नव्हे, साडी खोचून सायकल मारणारी मोंढ्यातली मी पहिलीच, आणि कुणी हसलंही नाही. पाणी दिसलं की लोकांचं हसू बंद होतं.

ते पाणी मी अंगणातल्या पत्र्याच्या पिंपात ओतायची. आणि अप्पा त्या पिंपाला कुलूप घालायचे. लाकडी झाकणाला सुताराकडून कोयंडा बसवून घेतला होता त्यांनी. शेजारीपाजारी रात्रीतून पाणी काढून नेतात म्हणे. एक तांब्या पाणी गेल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. किल्ली त्यांच्या करदोट्याला. म्हणजे अव्वाला भाजीत पाणी घालायचं असलं तरी दुकानातून अप्पांना हाक मारायची. पाणी आणते मी, वापरते ती, आणि किल्ली त्यांच्या कमरेला. आता लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा मात्र मी गप्प होते. सगळ्या घरात असंच असतं असं वाटायचं.

त्याच सुमाराला लातूर वेगळा जिल्हा झाला होता. आधी कशाचाही कागद लागला की उस्मानाबाद गाठावं लागायचं. आता लातूर आपलं, हाकेच्या अंतरावर. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं आणि नव्या कार्यालयांना टायपिस्ट लागणार. मी अर्जांवर अर्ज टाकले. आणि चैत्रात मला एका खात्याचं पत्र आलं. कोणतं खातं ते सांगत नाही, आता त्यांच्याशी भांडून काय करायचं? सोमवारी अकरा वाजता टायपिंगची चाचणी, लगेच तोंडी. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलं. पाण्याच्या खेपा, पिंप, गल्ली, मला बघायला येणारी माणसं, या सगळ्यातून बाहेर पडायची ती एकच वाट होती. अप्पांनी सांगून ठेवलं होतं की येत्या दिवाळीपर्यंत नोकरीचं जमलं तर ठीक, नाही तर जे स्थळ येईल ते. माझं सगळं त्या सोमवारवर होतं.

सायकल बरोबर न्यायची ठरली. नव्या जिल्ह्याची कार्यालयं कुठं कुठं भाड्याच्या जागेत विखुरलेली, शोधताना पायपीट होणार. तेव्हा एसटीच्या टपावर सायकल टाकून नेणं अगदी नेहमीचं होतं. फक्त कुलूप थोडं जड चालत होतं. दोन-तीन महिन्यांपासूनच किल्ली अडकल्यासारखी व्हायची. आणि ती अडकली की अप्पा समईतलं चमचाभर तेल आत सोडायचे. एक-दोन दिवस बरं चालायचं, मग आधीपेक्षा जास्त अडकायचं. रविवारी संध्याकाळी मी सायकल पुसत होते, तर अप्पा स्वतः चमचा घेऊन आले. म्हणाले, परगावी चाललीस, कुलूप नीट पाहिजे. चांगले दोन चमचे ओतले. वर भस्माचं बोटही लावलं. चाचणी कसली आहे, किती वाजता आहे, टायपिंगचा हात कसा आहे, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघाले. रस्ता सगळा फुफाटा. चाकूर येईपर्यंत माझ्या पापण्यांवर धूळ बसली होती, तर टपावरच्या सायकलचं काय झालं असेल. लातूरच्या स्टँडवर हमालानं सायकल खाली दिली तेव्हा ती मातकट दिसत होती आणि कुलपाभोवती ओल्या तेलावर धुळीचा जाड थर बसला होता. किल्ली फिरवली, खूप रेटून फिरवली, तेव्हा दांडी कशीबशी मागं गेली. तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं.

पत्रातला पत्ता विचारत विचारत पोचले तेव्हा साडेनऊला पाच कमी होती. एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. सायकल खाली भिंतीला टेकवली आणि हातांनी आपोआप कुलूप लावलं. चारदा ओढलं. वर गेले तर एकच शिपाई टेबलावर पेपर वाचत बसलेला. म्हणाला, चाचणी इथं न्हाई, औसा रोडच्या शाळेत हाय, यंत्रं तिकडं नेली, कालच फळ्यावर लिवलंय. फळा जिन्याखाली होता. उदगीरच्या माणसानं काल लातूरच्या जिन्याखालचा फळा कसा वाचायचा, हे काही त्यानं सांगितलं नाही. पण मी चिडले नाही. सव्वा तासाहून जास्त वेळ हाताशी होता. सायकलवर पंधरा मिनिटांची वाट.

खाली आले, किल्ली घातली. किल्ली निम्मी आत गेली आणि थांबली.

आधी काही वाटलं नाही. काढली, पदरानं पुसली, पुन्हा घातली. मग रेटली. मग कुलपावर फुंकर मारली, अंबाड्यातला आकडा काढून भोकात घातला. आकड्याच्या टोकाला पिवळट-काळा चिकट गोळा आला. वास समईचा. मी तिथं रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून आपल्याच सायकलच्या कुलपातून हळद आणि तेल कोरून काढत होते आणि माझ्या हातून वेळ चालला होता. दोन-तीन माणसं थांबली. एकानं सुचवलं की तेल घाला. एक पोलीस आला. त्यानं विचारलं, "काय करायलीस गं? कुणाची सायकल हाय?" माझी म्हटलं. मग पावती आहे का, म्हणाला. सायकलची पावती घेऊन कोण फिरतं? मी किल्ली दाखवली. ही किल्ली तर लागत नाही, म्हणाला, आणि ते खरंच होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पाहून त्यानं सोडलं. पण जमलेल्या माणसांच्या नजरेत मी चोर ती चोरच राहिले.

एक चौक पुढं सायकल मिस्त्री आहे असं कुणीतरी सांगितलं. मी मागचं चाक उचलून, सायकल पुढच्या चाकावर ढकलत निघाले. पाण्याचे डबे वाहून दंडात ताकद होती म्हणून जमलं. उन्हानं डांबर मऊ झालेलं. लिंबाखाली दुकान होतं, उघडं होतं, आणि मिस्त्री नव्हता. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, टँकर आलाय, चाचा घागर घेऊन रांगेत हायेत, येतीलच. मी फळकुटावर बसले. समोर सगळी हत्यारं पसरलेली. पाने, पकडी, पंपाची नळी, आणि माझ्या हातापासून वीतभर अंतरावर एक हातोडा. शेजारच्या घड्याळात सव्वादहा, साडेदहा, पावणेअकरा झाले. मी नुसती रस्त्याकडे बघत बसले होते. चाचा येतील, मग कुलूप उघडेल, मग मी जाईन. सायकल तिथंच टाकून चालत सुटावं, कुणाच्या तरी सायकलमागं बसावं, असलं काही डोक्यात शिरलंच नाही. सायकल सोडून कसं जायचं?

चाचा आले ते भरलेली घागर सांडू न देता, सावकाश. दाढी पांढरी, बनियन घामानं भिजलेलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कुलूप बघितलं. छत्रीची एक चपटी केलेली काडी उचलली, रॉकेलच्या डबीत बुडवली, आत सारली, हातोड्याच्या दांड्यानं वर एक टिचकी दिली. खटकन दांडी मागं गेली. मी जिथं पाऊण तास झगडले होते तिथं त्यांना माझं नाव विचारण्याएवढाही वेळ लागला नाही. मला सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, इतकं सोपं आहे तर हे कुलूप कशासाठी लावतात? चाचा काडी पुसत म्हणाले, "ह्यो ताला शरीफ लोकांसाठी हाय बेटी. चोराला त्याचं काय अडलंय?" मग माझी घाई न ओळखता सांगत बसले. चोर कुलूप उघडायच्या भानगडीतच पडत नाही, मागचं चाक उचलतो आणि चालायला लागतो, जशी तू आलीस. साखळी असली तर तिची कडी पकडीनं उलगडते. बाजारातल्या निम्म्या कुलपांना सात किल्ल्या पुरतात, त्यांच्याकडे जुडगा होता. शेवटी म्हणाले, कुलपात खायचं तेल कोण घालतं? आत डिंक झालाय, नवं तेल पडलं तसा तो सुटून खटक्यात बसला, वर धूळ. तेल घालणाऱ्याला सांग, मशीनचं तेल घाल, नाही तर कोरडं ठेव.

शाळेत पोचले तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. दार आतून लावलेलं, आतून यंत्रांचा खडखडाट. तो आवाज माझ्या ओळखीचा. माझी बोटं दाराबाहेर आपोआप हलत होती. चाचणी संपल्यावर दार उघडलं आणि एक साहेब बाहेर आले. मी सगळं सांगितलं, फळा, कुलूप, टँकर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच विचारलं की कुलूप अडकलं हे कारण कागदावर कसं लिहायचं. आतले लोक यंत्रांवर कापडं घालत होते. फक्त दहा मिनिटं बसू द्या, एकच कागद टाईप करून दाखवते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, तुम्हाला बसू दिलं तर उशिरा आलेल्या सगळ्यांना बसू द्यावं लागेल. उशिरा आलेली मी एकटीच होते.

उदगीरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. दाराशी अप्पा उभे. त्यांनी पहिल्यांदा सायकलकडे बघितलं, मग कुलपाकडे, आणि म्हणाले, "सायकल सुखरूप हाय ना?"

मग मला वाचा फुटली. आयुष्यात अप्पांसमोर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी सगळ्या गल्लीनं ऐकला. तुमच्या तेलानं माझी नोकरी खाल्ली, म्हटलं. तुमची समई, तुमची हळद, तुमचं भस्म. अप्पा गडबडले. त्यांना खरंच कळेना. तेल चांगल्या घाण्याचं होतं, म्हणाले. यावर काय बोलायचं कप्पाळ? माझा घसा कोरडा पडला, मी पाणी मागितलं. अप्पा लगबगीनं पिंपाकडे गेले, करदोट्याची किल्ली सोडवली, कुलपात घातली. किल्ली फिरेना.

त्याच पाटावरचं कुलूप ते, त्याच समईचं तेल. अप्पांनी रेटलं, हलवलं, फुंकर मारली. मग म्हणाले, थांबा, जरासं तेल आणतो.

अव्वा चुलीपाशी बसली होती. ती उठली, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि अंगणात आली. ती कानडी मुलखातली, रागावली की तिच्या तोंडी माहेरची भाषा यायची. "साकु," ती म्हणाली, म्हणजे पुरे झालं. अप्पा म्हणत होते, अगं पितळी हाय, नवं हाय. तिनं वरवंटा दोन्ही हातांनी धरून तीन घाव घातले. कुलूप ढिम्म हललं नाही. ते तसंच बंद राहिलं. उपटून आला तो कोयंडा, खिळ्यांसकट. बंद कुलूप अंगणात लोळत गेलं आणि पिंपाचं झाकण उघडं पडलं. तिनं तांब्या बुडवून मला दिला. मी घटाघटा पीत होते, तेव्हा ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली:

"आणि तुला काय झालं होतं? लातुरात दगड नव्हते?"

मी तांब्या खाली ठेवला. अप्पांवर ओरडून मोकळी झाले होते, आता कुणावर ओरडायचं? सायकल माझी, कुलूप माझं, हातोडा वीतभरावर. एक घाव घालायचा होता. नाही तर सायकल फेकून चालायला लागायचं होतं. मी अर्धा तास हातोड्याशेजारी हात बांधून बसले, कुणीतरी येऊन नीट उघडून देईल म्हणून. कुलूप फोडतो तो चोर, आपण नाही, हे माझ्यात इतकं मुरलेलं होतं. अप्पांनी कुलपात तेल ओतलं होतं ते दोन चमचे. माझ्यात किती ओतलं होतं, त्याचं माप नाही. त्या संध्याकाळी मला स्वतःचा जो राग आला तसा पुन्हा कुणाचा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन मी सायकलचं कुलूप उतरवलं. दोनच बोल्ट होते. पिंपाला पुन्हा कोयंडा बसला नाही. अप्पांनी सुताराला बोलवायचा विषय एकदा काढला, अव्वा पाट्यावर चटणी वाटत होती, तिनं हात थांबवून वर बघितलं. विषय तिथंच संपला.

पाच महिन्यांनी, पाऊस हुलकावण्या देत असताना, दुसऱ्या खात्याचं पत्र आलं. पुन्हा लातूर, पुन्हा टायपिंग. या वेळी मी आदल्या दिवशीच जाऊन त्या कार्यालयाचा फळा वाचला, रात्री लातुरातल्या मावशीकडे राहिले, आणि सकाळी सायकल इमारतीखाली टेकवून, मागं वळूनसुद्धा न बघता वर गेले. कुलूप नव्हतंच. यंत्रावर बसले आणि असं बडवलं ते यंत्र, की पर्यवेक्षकानं जवळ येऊन सांगितलं, बाई, जरा सावकाश, रिबन फाटेल. तोंडीत विचारलं, लातूरला एकट्या राहाल का? राहीन म्हटलं.

खाली आले तेव्हा सायकल गेली होती.

भिंतीवर हँडलची खूण तेवढी राहिली होती. वाईट वाटलं. मामांनी दिलेली, नांदेडची, तीन-तीन खेपा पाणी वाहिलेली. पण पाय आपोआप स्टँडकडे चालायला लागले. तक्रार करायला गेले नाही. पावती विचारली असती.

गाडीत बसल्या बसल्या मी अप्पांसाठी भांडण तयार करून ठेवलं. ते काय विचारणार ते मला पाठ होतं. कुलूप का लावलं नाहीस, हे पहिलं वाक्य. त्यावर माझं काय, त्यावर त्यांचं काय, उदगीर येईपर्यंत सगळं पक्कं झालं होतं. मोंढ्याच्या कोपऱ्यावर अप्पा दुकानाबाहेर उभेच होते. त्यांनी माझ्या मागं बघितलं. सायकल दिसली नाही. पुन्हा बघितलं. त्यांचे ओठ हलले, मला वाटलं आलं आता.

"टायपिंग कसं झालं?" अप्पांनी विचारलं.

चांगलं झालं म्हटलं. माझं सगळं भांडण घशातच राहिलं. अप्पा माझ्यापुढं घरी आले, पिंपाचं झाकण उचललं, स्वतः तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला. हे आधी का विचारलं नाहीत, एवढंच मला त्यांना विचारायचं होतं, पण विचारलं नाही. राग गेला नव्हता. आज अप्पा नाहीत, तरी गेलेला नाही. मी तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या पाणी प्यायले.